ताकही फुंकून पिणारी मज्जासंस्था : जुनाट कंबरदुखीत शरीराला नव्याने कसे शिकवावे

ज्यांची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते आहे, ज्यांच्या तपासण्या होऊन गेल्या आहेत, गोळ्या, शेक, मलम, मालीश आणि कंबरपट्टा हा सगळा फेरा ज्यांनी पूर्ण केला आहे आणि तरीही सकाळी अंथरुणातून उठताना ज्यांचा हात आपोआप कमरेकडे जातो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही; माध्यमिक शाळेत शिकवते. पाच वर्षे मी वह्यांचा गठ्ठा स्वतः उचलला नाही आणि वर्गात पडलेला खडूसुद्धा मुलांकडून उचलून घेतला. पुढे एका अनुभवी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठ महिने जे शिकले आणि त्यानंतर वाचून, पडताळून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

आधी खात्री करून घ्यावी

मज्जासंस्थेला वळण लावण्याचा हा मार्ग गंभीर आजार नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यानंतरचा आहे, त्याआधीचा नव्हे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, गुदद्वाराभोवती व मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एक रात्र थांबणेही धोक्याचे ठरू शकते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, कारण नसताना घटणारे वजन आणि पडून राहूनही न थांबणारे दुखणे यांकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात दुर्मीळ नाही आणि वेळेत औषधे सुरू झाली तर तो बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेला असणे, हाडे ठिसूळ असताना पडणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असणे, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तरुण वयात सुरू झालेली कंबरदुखी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा आखडलेपणा आणि हालचालीने मिळणारा आराम असे चित्र असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. त्या आजारावर वेगळे उपचार आहेत.

हे सारे वगळले गेले आणि तरीही दुखणे उरले, तर पुढचे आपल्यासाठी आहे.

दुखण्याचे काम काय, आणि ते चुकते कुठे

1995 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 29 वर्षांच्या एका बांधकाम कामगाराची हकीकत छापून आली. त्याने उडी मारली ती थेट 15 सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर, आणि खिळा बुटातून आरपार गेला. खिळा किंचित हलला तरी त्याला असह्य वेदना होत होत्या, म्हणून गुंगीचे औषध देऊन तो काढावा लागला. बूट उतरवल्यावर दिसले, की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता आणि पायाला ओरखडाही नव्हता. त्या माणसाने सोंग केले नव्हते. डोळ्यांना दिसलेल्या खिळ्यावरून त्याच्या मेंदूने धोक्याचा अंदाज बांधला आणि पाय वाचवण्यासाठी खरीखुरी वेदना निर्माण केली.

वेदना कशी तयार होते हे त्यावरून कळते. कातडी, स्नायू आणि सांधे यांतील मज्जातंतू मेंदूकडे फक्त इशारे पाठवतात; त्या इशाऱ्यांना आधीच्या अनुभवांची, भीतीची, झोपेची आणि आजूबाजूच्या परिस्थितीची जोड देऊन त्यांचे दुखण्यात रूपांतर करायचे की नाही, हे मेंदू ठरवतो. मज्जारज्जूत या इशाऱ्यांना कमी-जास्त करणारे जणू एक दार असते, ही कल्पना रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडली. वारंवार किंवा तीव्र इशारे येत राहिले तर मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होतात आणि मग साध्या स्पर्शालाही दुखण्याचे उत्तर देऊ लागतात, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. 2017 पासून वेदनातज्ज्ञ अशा प्रकारच्या दुखण्याला ‘नोसिप्लास्टिक’ असे वेगळे नाव देतात. शरीरात चालू इजेचा किंवा मज्जातंतूच्या आजाराचा पुरेसा पुरावा नसताना वेदनेची यंत्रणाच बदललेली असणे, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्या भाषेत हे एका म्हणीत बसते. दुधाने तोंड पोळले, की माणूस ताकही फुंकून पितो. सुरुवातीची इजा, म्हणजे लचक, उसण किंवा दोन मणक्यांमधल्या गादीची सूज, हे ते पोळवणारे दूध. ते केव्हाच निवलेले असते, परंतु मज्जासंस्था ताकाच्या प्रत्येक घोटाला फुंकर घालत राहते. येथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण नेमक्या याच ठिकाणी अनेक रुग्ण दुखावले जातात : याचा अर्थ दुखणे मनाचे खेळ आहेत असा होत नाही. कळ खरी असते. बदललेले असते ते कळ उत्पन्न करणाऱ्या यंत्रणेचे वागणे, आणि जे शिकून बदलले ते पुन्हा शिकून बदलू शकते.

आता एमआरआयच्या अहवालाकडे वळू. ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे शब्द आपल्याकडे इतक्या सहजपणे वापरले जातात, की ऐकणाऱ्याला आपला कणा कधीही निखळेल असे वाटू लागते. प्रत्यक्षात मणक्यांमधली गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. अजिबात कंबर न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गादीची झीज विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के निरोगी लोकांत दिसते. गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत 30 टक्के, तर ऐंशीत 84 टक्के असते. म्हणजे पिकलेल्या केसांसारखे यातले बरेचसे बदल वयाचे आहेत. आपला अहवाल डॉक्टरांसमोर ठेवून एकच प्रश्न विचारावा : “माझ्या वयाच्या, न दुखणाऱ्या माणसात हे दिसू शकते का?” मला हा प्रश्न विचारायला पाच वर्षे लागली. एका डॉक्टरांनी घाईत उच्चारलेले ‘आता आयुष्यभर वाकायचे नाही’ हे वाक्य मी तोवर आज्ञेसारखे पाळले होते.

आपले दुखणे या प्रकारचे आहे का, याचा अंदाज काही खुणांवरून येतो. दुखण्याची जागा बदलते किंवा पसरत जाते. त्याच कामाने एक दिवस दुखते, दुसऱ्या दिवशी दुखत नाही. परीक्षेचे पेपर, घरातला वाद किंवा जागरण यांनंतर ते वाढते. घरच्या लग्नात दिवसभर उभे राहूनही ते विसरायला होते. आणि वाकण्याच्या नुसत्या विचाराने कमरेत ताण जाणवतो. यांतली एकेक खूण म्हणजे पुरावा नव्हे, परंतु चार-पाच जुळत असतील तर आपल्या डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी याच अंगाने बोलावे.

पहिला आठवडा : फक्त वही

सुरुवातीला कोणताही व्यायाम करू नये. एक आठवडा केवळ नोंदी ठेवाव्यात. मुळात किती वेळ बसले, उभे राहिले, चालले की दुखणे वाढते, हे घड्याळ लावून पाहावे. झोप किती झाली आणि दिवस कसा गेला, याचीही एक ओळ लिहावी. दुखणे मात्र दिवसातून दोनदाच नोंदवावे. तासातासाला कमरेची विचारपूस करत बसले तर मेंदूला कंबर हाच दिवसाचा विषय आहे असे वाटू लागते.

या नोंदींतून प्रत्येक कामाची पायाभूत मर्यादा काढायची असते. समजा, जमिनीवर मांडी घालून बसणे तीन वेगवेगळ्या दिवशी 12, 20 आणि 10 मिनिटे जमले. सरासरी 14 मिनिटे झाली. तिच्यातून पाचवा हिस्सा वजा करावा, म्हणजे साधारण 11 मिनिटे उरतात. आता रोज 11 मिनिटेच बसावे, दुखत नसले तरी 11 मिनिटांनी उठावे, आणि आठवड्याने 12 करावीत. ही वाढ चिल्लर वाटते, हे मला मान्य आहे. तीच टिकते.

यातला कठीण भाग वाईट दिवसांचा नसून चांगल्या दिवसांचा आहे. दिवाळीआधीच्या एका रविवारी माझी कंबर हलकी होती, म्हणून मी सकाळपासून फळ्यांवरचे डबे उतरवून स्वयंपाकघर धुऊन काढले आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढले. बरे वाटले की सपाटून काम आणि दुखले की पूर्ण विश्रांती, हे चक्र अनेक रुग्णांच्या आयुष्यात वर्षानुवर्षे फिरत असते आणि दर फेरीला मज्जासंस्थेला एकच धडा मिळतो, की काम म्हणजे संकट. म्हणून केव्हा थांबायचे हे दुखण्याने ठरवू नये, उत्साहानेही ठरवू नये. ते घड्याळाने ठरवावे.

श्वास, आणि दुखण्याकडे पाहण्याची रीत

दिवसातून दोनदा, पाच ते दहा मिनिटे, पाठीला आधार देऊन बसावे. चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रपठण या दोन्हींनी श्वास आपोआप याच गतीला येतो आणि हृदयाच्या गतीचे नियमन सुधारते, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. ज्यांना अंक मोजणे कंटाळवाणे वाटते त्यांनी भ्रामरी करावी, किंवा सवयीचा जप सावकाश म्हणावा. श्वासाने दुखणे घालवायचे नसते. शरीराला ‘या घडीला धोका नाही’ एवढे कळवायचे असते. दोन्हींत फरक आहे, कारण दुखणे गेले का हे तपासत घेतलेला श्वास पुन्हा धोका शोधणाऱ्या पहारेकऱ्याचाच श्वास होतो.

हे आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडले की त्याच बैठकीत पुढची पायरी घ्यावी. डोळे मिटून कमरेतल्या संवेदनेकडे कुतूहलाने पाहावे. ती ऊबदार आहे की बोचरी, एका ठिकाणी आहे की सरकते, तिच्या कडा स्पष्ट आहेत की पुसट, हे नुसते न्याहाळावे आणि मनात म्हणावे, ‘ही धोक्याची जुनी घंटा वाजते आहे, आत्ता मी सुरक्षित आहे.’ संवेदना वाढली, कमी झाली किंवा तशीच राहिली तरी आपले काम पाहण्याचे. दुखणे अगदी टोकाला असेल तेव्हा हा प्रयोग करू नये. त्या वेळी गरम पाण्याची पिशवी घ्यावी, आवडते गाणे लावावे आणि न्याहाळणे सौम्य दिवसासाठी ठेवावे.

अमेरिकेतील बोल्डर येथे 151 जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, याच पद्धतीवर आधारलेल्या चार आठवड्यांच्या उपचारानंतर 66 टक्के रुग्णांचे दुखणे थांबले किंवा जवळजवळ थांबले. खोटे इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण 20 टक्के, तर नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या गटात 10 टक्के होते. आकडे उत्साह वाढवणारे आहेत, तरीही ती एकाच केंद्रातली चाचणी होती आणि रुग्णांचे दुखणे बहुतांशी सौम्य ते मध्यम होते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येकाला तेवढेच यश येईल असे कोणी सांगू लागले तर सावध व्हावे.

बादली : भीती वाटते तीच हालचाल

नव्या शिकवणीचा गाभा येथे आहे. ज्या हालचालीला आपण टाळतो, तीच हालचाल इतक्या लहान तुकड्यांत करायची, की मज्जासंस्थेला घंटा वाजवण्याचे कारण उरू नये. मज्जासंस्था समजुतीच्या शब्दांनी थोडी वळते. खरी वळते ती अनुभवाने.

माझ्यासाठी ती हालचाल म्हणजे न्हाणीघरातली बादली उचलणे. पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टनी मला आरशासमोर उभे करून नुसते पुढे झुकायला सांगितले आणि स्वतःकडे नीट पाहायला लावले. मी श्वास रोखला होता, दात आवळले होते, डावा हात मांडीवर टेकला होता आणि पोट दगडासारखे ताठ झाले होते. आणि तोपर्यंत कंबर दुखलीही नव्हती. कळ येण्याआधीच माझे शरीर कळ आल्यासारखे वागत होते. पाच वर्षे मी ज्याला जपणे समजत होते, तो स्नायूंवरचा अखंड ताण होता.

मग आम्ही शिडी लिहून काढली. सर्वांत खाली, डोळे मिटून स्वतःला सहज वाकताना पाहणे. त्यावर, पाठीवर झोपून गुडघे छातीकडे घेणे, ज्यात कणा वाकतो परंतु भार पडत नाही. त्यानंतर खुर्चीत बसून दोन्ही हात नडग्यांवरून खाली सरकवणे आणि श्वास सोडत मान सैल सोडणे. पुढे उभे राहून टेबलावरची वस्तू, मग स्टुलावरची, मग पाटावरची. त्यानंतर स्टुलावर ठेवलेली रिकामी बादली, पाटावरची रिकामी बादली, जमिनीवरची रिकामी बादली. आणि मग तिच्यात एक तांब्या पाणी, चार दिवसांनी दोन तांबे. प्रत्येक पायरी दिवसातून दोनदा, पाच-सहा वेळा करायची. पोट सैल आणि श्वास चालू ठेवून ती करता आली, की पुढची घ्यायची. मला एका तांब्यापासून अर्ध्या बादलीपर्यंत यायला सात आठवडे लागले.

नवी पायरी करण्यापूर्वी वहीत एक अंदाज लिहावा : काय होईल असे वाटते, आणि दुखणे दहापैकी किती असेल. केल्यानंतर प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहावा. माझ्या वहीत पाटावरच्या बादलीपुढे ‘अंदाज 8, प्रत्यक्ष 4’ असे आहे, आणि पुढच्या आठवड्यात ‘अंदाज 5, प्रत्यक्ष 3’. अंदाज चुकतो तेथेच मेंदू शिकतो, म्हणून हे दोन आकडे लिहिण्याचा आळस करू नये. प्रत्यक्ष आकडा अंदाजाहून जास्त आला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरला नाही, तर एक पायरी खाली यावे. थोडे दुखणे वाढून काही तासांत निवले, तर तीच पायरी चालू ठेवावी. जखम पुन्हा उघडावी तशी येथे काही इजा होत नसते, संवेदनशील यंत्रणा थोडी कुरकुरत असते.

भीती, हालचाल आणि रोजचे जगणे यांना एकत्र हाताळणाऱ्या अशाच एका उपचारपद्धतीची ऑस्ट्रेलियात 492 रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि पुढे एक उजळणीची भेट एवढाच तो उपचार होता. त्याने कामे करण्याची क्षमता वाढली आणि वर्षानंतरही हा फायदा टिकून होता. एका गटात हालचाल मोजणाऱ्या यंत्राची जोड दिली होती, पण त्याने विशेष फरक पडला नाही.

ज्यांचे दुखणे हातापायाचे आहे, विशेषतः अस्थिभंगानंतर हात सुजून, लाल होऊन असह्य दुखत राहतो अशांसाठी, डावा-उजवा हात चित्रांतून ओळखणे आणि आरशाचा उपयोग करणे अशा निराळ्या कसरती आहेत. आरशाची कल्पना मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी हात किंवा पाय गमावल्यावरही त्या नसलेल्या अवयवात जाणवणाऱ्या वेदनेसाठी पुढे आणली. या कसरती तज्ज्ञांकडूनच शिकाव्यात.

औषधे, पट्टा आणि झोप

आराम पडू लागला म्हणून औषधे स्वतःहून बंद करू नयेत. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे एकदम थांबवल्यास त्रास होतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावीत. कंबरपट्ट्याचेही तसेच करावे : आधी घरात तासभर काढावा, मग दोन तास, मग बाजारात जाताना. झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की ठेवणे हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ झाले, कारण अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी तीच कळ मोठी वाटते. चालणेही वहीतल्या मर्यादेप्रमाणेच वाढवावे.

दुखणे पुन्हा उसळले तर

ते उसळणार आहे, असे धरून चालावे. प्रवासात, सर्दी-तापात, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत जुनी घंटा पुन्हा वाजते, आणि सगळी मेहनत वाया गेली असे वाटून माणूस पट्टा शोधू लागतो. म्हणून बऱ्या दिवशीच एक कागद लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. माझ्या कागदावर एवढेच आहे : सुरुवातीला सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नाहीत ना, हे पाहणे; दोन दिवस सर्व कामे निम्म्यावर आणणे, शून्यावर नाही; दोनऐवजी चार वेळा श्वासाची बैठक; तिसऱ्या दिवशी शिडीची दोन पायऱ्या खालची पायरी; आणि आठवड्याने पूर्ववत. नवा बधिरपणा, नवी अशक्तता, ताप किंवा पूर्वी कधीच नसलेले दुखणे असेल तर मात्र कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

घरच्यांनाही यात एक काम द्यावे. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी दारातच विचारायच्या, “आज कंबर कशी आहे गं?” त्यामागे माया होती, पण त्या प्रश्नाने मी दिवसभराचे दुखणे आठवून सांगू लागे. फिजिओथेरपिस्टनी त्यांना एकदा सोबत बोलावून घेतले आणि सगळे समजावले. त्यानंतर त्या विचारू लागल्या, “आज बादलीत किती तांबे?”